संचलनाचे पांढरे बूट : सांगलीतल्या एका शाळेच्या प्रकल्प नोंदी

१ डिसेंबर

कार्यानुभवाच्या तासाला यंदा नववीचा वर्ग कॅनव्हासचे पांढरे बूट धुणार आणि दुरुस्त करणार, हे आज मुख्याध्यापकांशी बोलून नक्की झालं. पोरांचा पाय वर्षभरात एखाद-दुसरा नंबर पुढे जातो. बूट मात्र धडधाकट असतो, फक्त कळकट झालेला. तो माळ्यावर जाऊन पडतो आणि त्याच गल्लीतलं दुसरं लेकरू २६ जानेवारीच्या संचलनात बूट नाहीत म्हणून मागच्या रांगेत उभं राहतं, नाहीतर त्या दिवशी शाळेतच येत नाही. हे मला मान्य नाही.

घरोघरी निरोप दिला आहे : लहान झालेले बूट आणा, पण धुऊन आणू नका. डाग कशाचा आहे ते कळल्याशिवाय पाणीसुद्धा लावायचं नाही, हा या प्रकल्पाचा पहिला नियम.

४ डिसेंबर

बूट यायला लागले. मुलं नंबराप्रमाणे जोड लावायला बसली होती. त्यांना थांबवून डागांप्रमाणे ढीग लावायला सांगितले. हरिपूरकडून आणि नदीकाठच्या शेतांतून येणाऱ्यांच्या बुटांवर काळी माती. आपल्या मैदानावर मुरूम टाकलाय, त्याची तांबूस झाक जवळजवळ सगळ्यांवर. सायकलवाल्यांच्या उजव्या बुटावर चेनचं ग्रीस. आणि ज्यांचे आई-वडील मार्केट यार्डात कामाला आहेत त्यांच्या बुटांवर हळद. तो ढीग लांबूनच ओळखू येतो.

एक बूट हातात घेऊन वर्गाला तो भाग-भाग करून दाखवला. वरचं जाड सुती कापड, जीभ, नाडीच्या कड्या, आतला सुखतळा, कापड आणि तळ जिथे भेटतात तिथली रबरी पट्टी. कड्यांभोवती गंजाची बारीक तपकिरी वर्तुळं होती. सुखतळा उचलला तर त्याखाली वाळू, पेन्सिलीचा तुकडा आणि घामाने काळा पडलेला थर. बुटाला वास येतो तो इथून. वरून कितीही घासा, सुखतळा बाहेर निघत नाही तोवर बूट स्वच्छ झाला असं म्हणता येत नाही.

मग रबराची गोष्ट निघालीच. कच्चं रबर उन्हाळ्यात चिकट होतं, थंडीत कडक होऊन तडकतं. चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये रबर गंधकाबरोबर तापवलं तर ते टिकाऊ होतं हे शोधून काढलं, म्हणून आज रबरी तळाचे बूट आहेत. चांगल्या कॅनव्हास बुटात रबरी पट्टी कापडावर लावून पूर्ण बूट भट्टीत तापवतात, त्यामुळे ती घट्ट बसते. स्वस्त बुटात नुसतं चिकटवलेलं असतं. चवड्याजवळ बूट वाकवला आणि पट्टी कापडापासून सुटून फट दिसली की तो जोड वेगळा काढायचा. तो पाण्यात बुडवायचा नाही, ओल्या फडक्यानेच पुसायचा. गरम पाणी तर दोन्ही प्रकारांना वर्ज्य. गोंद मऊ पडतो.

वर्गातल्या बऱ्याच जणांना बाटा ही आपल्याकडचीच कंपनी वाटत होती. ती १८९४ साली झ्लिन गावात सुरू झाली, हे गाव आजच्या चेक प्रजासत्ताकात आहे. कोलकात्याजवळचं बाटानगर १९३० च्या दशकात वसलं. भूगोलाच्या नकाशावर मुलांनी दोन्ही गावं शोधली. तास तिथेच संपला.

७ डिसेंबर – काळी माती

ओला चिखल ओल्या बुटावर कधीच घासायचा नाही. काळ्या मातीतले चिकणमातीचे कण फार बारीक असतात, पाणी लागलं की फुगतात आणि विणीच्या आत शिरून बसतात. उन्हाळ्यात ज्या जमिनीला हातभर भेगा पडतात आणि पावसात त्याच मिटतात, ती हीच माती. म्हणून आधी बूट पूर्ण वाळू द्यायचे, मग तळाला तळ आपटायचा, मग मऊ ब्रशने कोरडंच झाडायचं. शिवणीतली माती खराट्याच्या काडीने काढायची. नुसत्या झाडण्यानेच किती माती पडली ते मुलांनी कागदावर गोळा करून पाहिलं, आणि त्यांचा नळाकडे धावायचा सोस गेला.

पाण्याचाही प्रश्न निघाला. शाळेचं बोअरचं पाणी जड आहे. त्यात साबणाला फेस येत नाही, आणि साबण व पाण्यातला चुना मिळून जो राखाडी साका तयार होतो तो कापडावरच बसतो. ज्या घरांत बोअरचं पाणी वापरतात तिथले पांढरे कपडे बघा, लगेच कळेल. शिपाई मामांनी सकाळी नळाला पाणी आल्यावर टाकी भरून ठेवली. धुण्याचं आणि खळबळण्याचं काम त्याच पाण्याने झालं.

साबण थोडाच घ्यायचा. बादलीभर पाण्यात चमचाभर कपड्यांची पावडर पुरते. ब्रश बुटावर दाबून घासायचा नाही, गोल फिरवत फेस वर आणायचा आणि तो फेस फडक्याने टिपून घ्यायचा, कारण मळ त्या फेसात असतो. तो तसाच सोडला तर परत खाली बसतो. नाड्या वेगळ्या, साबणाच्या पाण्यात भिजत घातलेल्या.

१० डिसेंबर – हळद

आज दिवसभर एकच ढीग घेतला आणि तरी तो संपला नाही. सांगलीत राहून हळदीचा डाग कसा काढायचा हे पोरांना येत नसेल तर कुणाला येणार? आपल्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत हळद साठवायची पद्धत होती आणि २००५ च्या महापुरात त्या पेवांची मोठी हानी झाली, हे घरातल्या मोठ्यांकडून बऱ्याच मुलांनी ऐकलेलं आहे. पण हळद रंगते कशाने, हे विचारल्यावर वर्ग गप्प होता.

हळदीतला पिवळा रंग कर्क्युमिनचा. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्पिरिटमध्ये विरघळतं. त्यामुळे पाण्याने कितीही धुतलं तरी डाग जागचा हलत नाही, उलट पसरतो. एका मुलाने घरी वडिलांच्या मदतीने एक बूट आधीच धुऊन पाहिला होता. साबणाची वडी घासली आणि डाग पिवळ्याचा तांबडा झाला. तो बूट घेऊन तो घाबऱ्या चेहऱ्याने आला. "बाई, हे तर लालच झालं की! आता जातंय का?"

तोच बूट मी वर्गासमोर टेबलावर ठेवला. विज्ञानाच्या तासाला हळदीचा कागद आपण सगळ्यांनी केलाय. साबणाचं पाणी लावलं की तांबडा, लिंबू पिळलं की परत पिवळा. बुटावर नेमकं तेच झालं होतं. एका मुलीने त्यावर लिंबाचे चार थेंब पिळले. तांबडेपणा सरकन मागे गेला आणि पिवळा डाग जसाच्या तसा दिसायला लागला. मुलाच्या चेहऱ्यावर हसू आलं ते मी विसरणार नाही.

पद्धत अशी ठरली :

आधी कोरडं झाडायचं. बुटात आतून पांढऱ्या फडक्याची घडी दाबून बसवायची. कापसाच्या बोळ्यावर सर्जिकल स्पिरिट घेऊन डागाच्या कडेकडून मध्याकडे टिपत जायचं. घासायचं नाही, टिपायचं. बोळा पिवळा झाला की टाकून नवा घ्यायचा. खिडक्या उघड्या, जवळपास दिवा-काडी काही नाही, आणि हे काम माझ्यासमोरच करायचं. बोळा पिवळा होणं थांबलं की गार पाणी, मग थोडा साबण. साबण लावल्यावर जागा तांबडी झाली तर समजायचं हळद अजून आत आहे, म्हणजे साबण इथे तपासनीसाचं काम करतो. मग लिंबूपाणी, परत गार पाणी.

आणि शेवटी ऊन. लग्नातल्या हळदीच्या साड्या आपल्या आज्या उन्हात टाकतात ते उगाच नाही. कर्क्युमिन उजेडात टिकत नाही, रंग विटतो. पण बुटाच्या बाबतीत इथे अडचण येते, कारण उन्हाने रबर कडक होऊन तडकतं आणि साबण राहिलेलं कापड पिवळं पडतं. हळदीला ऊन हवं, बुटाला नको. यावर मुलांनीच उपाय काढला : डब्यातल्या पोळ्या गुंडाळायचा चंदेरी कागद. रबरी पट्टी, चवडा, टाच सगळं त्यात गुंडाळलं आणि डागाएवढी खिडकी उघडी ठेवली. गच्चीवर असे चंदेरी बूट रांगेत मांडले.

१२ डिसेंबर

हळदीचे डाग उन्हात फिकट झाले आहेत. काही जागी हलकी पिवळी सावली राहिली आहे, तिला आणखी ऊन दाखवायचं.

आज तेलाचे डाग. भडंगाचं तेल आणि चेनचं ग्रीस. भडंगाच्या तेलात हळद-तिखट दोन्ही असतं, म्हणून आधी तेल काढायचं, मग हळदीचं काम. तेलावर टाल्कम पावडर किंवा बेसन दाबून रात्रभर ठेवायचं, सकाळी झाडायचं, मग भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब बोटाने चोळायचा. ग्रीस काळं असतं ते त्यात लोखंडाचा कीस मिसळलेला असतो म्हणून. ते पूर्ण जात नाही. जे गेलं त्यावर समाधान मानलं आणि पुढच्या ढिगाकडे वळलो.

१५ डिसेंबर – मुरूम आणि गंज

मुरमाची तांबूस झाक आणि कड्यांभोवतीचा गंज, दोन्ही लोखंडाचेच. यावर साबण फारसा चालत नाही, आंबट चालतं. किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व कोमट पाण्यात विरघळवून बोळ्याने लावलं, थोडा वेळ ठेवलं, धुतलं, परत लावलं. मुरमाची झाक बरीच उतरली. कड्यांची वर्तुळं हट्टी आहेत. ऑक्झॅलिक ॲसिडने ती निघतात, पण ते विषारी असतं, मुलांच्या हाती द्यायचं नाही.

इथे एक गोष्ट ठळक लिहून ठेवते. क्लोरीनचं ब्लीच या प्रकल्पात नको. लोखंडाच्या डागावर ते टाकलं तर डाग जात नाही, उलट पक्का होतो. सुती धागा त्याने कमजोर होतो, गोंद आणि रबर पिवळं पडतं. शिवाय कुणी ते लिंबू किंवा व्हिनेगरबरोबर मिसळलं तर क्लोरीन वायू निघतो, तो फुप्फुसाला घातक आहे. कुणा पालकांनी प्रेमाने दोन बाटल्या पाठवल्या होत्या, त्या परत दिल्या.

१८ डिसेंबर – वाळवणं

पांढरा बूट बिघडतो तो धुताना कमी आणि वाळताना जास्त. आजची नोंद लांब होईल.

पालकांची नेहमीची तक्रार अशी की बूट धुतला तेव्हा पांढराशुभ्र होता, वाळला आणि पिवळा झाला. दिव्याच्या वातीतून तेल वर चढतं तसं कापडातलं पाणी बाहेरच्या बाजूला चढत येतं आणि तिथून उडून जातं. त्या पाण्यात जे विरघळलेलं असतं, राहिलेला साबण, मळ, आतल्या गोंदाचा अंश, ते मात्र उडत नाही. ते पृष्ठभागावर बसतं आणि पिवळं दिसतं. रबरी पट्टीलगतचा भाग सगळ्यात शेवटी वाळतो, म्हणून पिवळी रेघ नेमकी तिथे येते. त्यात कडक ऊन मिळालं की ती आणखी गडद होते.

म्हणजे करायचं काय? एक, साबण निघेपर्यंत खळबळायचं. पाणी बोटांना निसरडं लागेनासं झालं पाहिजे. दोन, शेवटच्या बादलीत दोन चमचे पांढरं व्हिनेगर घालायचं. साबण-पावडरीचा जो क्षार कापडात राहतो तो त्याने मारला जातो. मग एकदा साधं पाणी. तीन, ओल्या बुटावर पांढरा टिश्यू पेपर सुरकुती न ठेवता चिकटवायचा. मग पाणी कापडातून कागदात येतं आणि कागदावरून उडतं, आणि पिवळेपणा बुटावर न बसता कागदावर बसतो.

हे तिसरं मुलांना खरं वाटत नव्हतं. म्हणून एका जोडाच्या डाव्या बुटाला कागद लावला, उजव्याला नाही. दोन्ही व्हरांड्यात सावलीत ठेवले. दुसऱ्या दिवशी डाव्याचा कागद सोलला तर त्याच्या खालच्या कडेला चहाच्या रंगाची रेघ आणि खाली कापड स्वच्छ. उजव्या बुटावर तीच रेघ कापडावर. दोन्ही बूट वर्गात फिरवले. सगळ्यांनी बोट लावून पाहिलं.

आत बोळे कोंबायचे ते पांढऱ्या कागदाचे किंवा जुन्या सुती कापडाचे. वर्तमानपत्राची शाई ओल्या कापडाला लागते. बूट टाचेवर उभा करून, चवडा वर ठेवून वाळवायचा, म्हणजे तळातून हवा फिरते. डिसेंबरची कोरडी हवा आहे, सावलीत दीड-दोन दिवसांत काम होतं. पावसाळ्यात हेच काम पंख्याखाली करावं लागेल आणि बोळे दोन-तीनदा बदलावे लागतील.

२२ डिसेंबर

रबरी पट्टी घासली. पांढरी टूथपेस्ट आणि जुना टूथब्रश. पेस्टमध्ये बारीक खरखरीत कण असतात, तेच काम करतात, म्हणून जेलची रंगीत पेस्ट नको. खाण्याच्या सोड्याची थोड्या पाण्यात केलेली लगदीही चालते.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फसफसवायची पद्धत मुलांनी मोबाईलवर पाहिली होती. फसफस दिसायला छान असते, पण सोडा क्षार आणि व्हिनेगर आम्ल, दोघं एकमेकांना मारून टाकतात. कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि मागे जवळपास मिठाचं पाणी उरतं. सोडा घासायला वापरा, व्हिनेगर शेवटच्या पाण्यात वापरा. दोघांची गाठ घालू नका.

२९ डिसेंबर – दुरुस्ती

कोपऱ्यावर चपला-बूट शिवणारे काका आज शाळेत आले. मी मानधन विचारलं तर म्हणाले, "पोरांनी शिकून घेतलं तर तेच मानधन, बाई." तरी चहा-नाश्ता आणि दोऱ्याचे पैसे दिलेच.

त्यांच्या हाताचं काम बघण्यासारखं आहे. आरीने भोक पाडलं की दोरा त्यातून जाईपर्यंत दुसऱ्या हाताची सुई तिथे हजर असते. दोऱ्याला मेण ओढून घेतात, म्हणजे पाणी शिरत नाही आणि टाका सरकत नाही. सुटलेल्या पट्ट्यांसाठी त्यांनी सोल्युशन लावायची रीत दाखवली. दोन्ही बाजू खरकागदाने खरवडायच्या, दोन्हीकडे पातळ थर द्यायचा, बोटाला चिकटत नाही इतपत सुकू द्यायचं आणि मगच दाबायचं. ओलं असताना दाबलं तर धरत नाही. "आणि बूट आतून कोरडा पाहिजे," ते म्हणाले, "नाहीतर चार दिवसांत परत तोंड उघडतो." चवड्यापाशी फाटलेल्या जागी आतून जाड कापडाचं ठिगळ लावलं, वरून दिसत नाही.

गेलेल्या सुखतळ्यांच्या जागी एका मुलीच्या आईने जुन्या सतरंजीचे सुखतळे कापून दिले. सुती, घाम शोषणारे, काढून धुता येणारे. विकतच्यापेक्षा हेच मला जास्त आवडले.

५ जानेवारी

ढिगात काही निळे आणि काळे जोडही निघाले. जिभेच्या आतल्या बाजूला ओलं पांढरं फडकं दाबून रंग सुटतो का ते आधी पाहायचं. यांना रिठ्याचं पाणी चांगलं. पांढऱ्या बुटांना नको, कारण रिठ्याच्या पाण्याला स्वतःचा तपकिरी रंग असतो.

१२ जानेवारी – नीळ, खडू, व्हाइटनर

पांढऱ्या जोडांना शेवटचा हात नीळेचा. नीळ मळ काढत नाही, पिवळ्या छटेवर निळी छटा चढवून डोळ्याला पांढरं दाखवते. बादलीत दोन-तीन थेंब, पाणी चांगलं ढवळून मगच बूट आत, आणि लगेच बाहेर. ढवळायच्या आधी बूट घातला तर निळे ठिपके पडतात.

व्हाइटनरवर वर्गात वाद झाला. माझं मत स्पष्ट आहे. धुतलेल्या, कोरड्या बुटावर पातळ एक हात द्यायला हरकत नाही. मळक्या बुटावर थरावर थर दिले की कापड पुठ्ठ्यासारखं कडक होतं, चवड्याशी घडी पडते तिथे पापुद्रे निघतात आणि पुढे धुणं कठीण होतं. आमच्यातल्या काही जोडांवरचे असे जुने थर ओल्या ब्रशने उतरवण्यात दोन तास गेले. संचलनाच्या सकाळी फळ्याचा खडू घासणं हे तर पाय आपटेपर्यंतचंच काम.

२० जानेवारी

आज बूट दिले. कसे द्यायचे यावर मी बराच विचार केला होता. नावं पुकारायची नाहीत, यादी लावायची नाही. ग्रंथालयातल्या रिकाम्या मांडणीवर नंबराप्रमाणे सगळे जोड ठेवले आणि ज्यांना हवे त्यांना तपासून घ्यायला सांगितलं. ज्यांनी स्वतःचे लहान झालेले बूट दिले होते तेही त्याच मांडणीवरून मोठा नंबर घेऊन गेले, त्यामुळे कोण गरजू आणि कोण देणारा हे कुणाला कळायचं कारणच उरलं नाही.

माप घेताना उभं राहून, मोजे घालून पाहायचं. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. मोठ्या बुटात कापूस कोंबून घालायला दिला नाही. संचलनात टाच घसरली की फोड येतो.

वास राहिलेल्या चार-दोन जोडांत खाण्याचा सोडा पुरचुंडीत बांधून रात्रभर ठेवला होता. फरक पडला.

२७ जानेवारी

काल संचलन झालं. आमची पहिली तुकडी व्यवस्थित पांढऱ्या बुटांत होती आणि मागची रांगसुद्धा. काही बुटांवर मैदानाचा मुरूम आला आहे, तो येणारच.

घरी न्यायच्या सूचना वर्गाने स्वतः लिहिल्या : बूट ओला असताना दप्तरात किंवा प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायचा नाही, बुरशी येते. घरी आल्यावर नाड्या सैल करून जीभ बाहेर ओढून ठेवायची. डाग पडला त्याच दिवशी पाहायचा. महिन्यातून एकदा सुखतळा काढून हवा द्यायची.

उरलेले जोड कोरडे करून, आत कागद भरून, सुती पिशव्यांत क्रीडा विभागाच्या कपाटात ठेवले. नोंदवही आता आठवीच्या दोन मुलींकडे आहे. टिश्यू पेपर आणि स्पिरिट संपलंय, ते या आठवड्यातच आणायचं, कारण नव्या हळदीची आवक सुरू होतेय आणि मार्केट यार्डाकडून येणाऱ्या मुलांचे बूट सोमवारपासूनच पाहायला लागतील.